बी मेले नाही, थांबले आहे : धुऱ्यावरच्या झाडांची रोपे बियांपासून तयार करताना

कपाशीचे बी टोबले की पाच-सात दिवसांत ओळी दिसू लागतात. सोयाबीनही तितक्याच घाईने माती फोडते. मग आठ-दहा दिवसांनी वावरात फेरी मारायची आणि जिथे उगवण नाही तिथे नांग्या भरायच्या, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पिकासाठी ती योग्यच आहे. पण हीच सवय झाडांच्या रोपवाटिकेत आणली की नुकसान होते.

नेहमी घडणारी दोन उदाहरणे पाहा. सागाचे बी पिशवीत लावले, वीस दिवसांत काही दिसले नाही, म्हणून पिशवी ओतून टाकली. त्या मातीत बी जिवंत होते. दुसरीकडे मोहाचे बी सोयाबीनसारखे उन्हात खडखडीत वाळवले, डब्यात भरून ठेवले आणि ऑगस्टमध्ये सवडीने लावले. ते बी डब्यातच मेले होते. म्हणजे एकदा जिवंत बी फेकले आणि एकदा मेलेल्या बियाला महिनाभर पाणी घातले. दोन्ही वेळा वर्ष वाया गेले, कारण झाडाचे बी वर्षातून एकदाच हाती येते.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा परिसरात आणि आसपासच्या गावांत अनेकांना अंगणात किंवा विहिरीजवळ वीस-पंचवीस रोपे तयार करायची असतात. धुऱ्यासाठी, परसासाठी, शाळेच्या आवारासाठी. त्यांच्यासाठी ही माहिती आहे. यात बियाण्याची प्रक्रिया आहे. त्याबरोबरच रोज सकाळी पिशव्यांजवळ पाच मिनिटे बसण्यात जो आनंद मिळतो, त्याबद्दलही लिहिले आहे. तो आनंद म्हणजेच चांगले निरीक्षण असते.

बर्फाळ डोंगरावरच्या फुलांकडून एक धडा

जगात असे हौशी बागायतदार आहेत, जे हिमालय, आल्प्स अशा उंच पर्वतांवरची छोटी फुलझाडे बियांपासून वाढवतात. इंग्लंडमध्ये १९२९ मध्ये स्थापन झालेली अल्पाइन गार्डन सोसायटी ही त्यांची एक जुनी संस्था. तिचे सभासद दर हिवाळ्यात एकमेकांच्या बियांची देवाणघेवाण करतात. या फुलांपैकी अनेकांच्या बियांना ओल आणि कडक थंडी काही आठवडे मिळाल्याशिवाय कोंब फुटत नाही. थंडी न अनुभवता उगवलेले रोप बर्फात सापडून मेले असते, म्हणून निसर्गाने बियाला ही सावधगिरी शिकवली आहे. हे बागायतदार हिवाळ्यात बी पेरतात आणि कुंड्या बाहेर थंडीतच ठेवतात. काही कुंड्यांत पहिल्या वसंतात एकही कोंब येत नाही, दुसऱ्या वसंतात येतो. म्हणून कुंडी लवकर रिकामी करायची नाही, हा त्यांचा पहिला नियम असतो.

आपल्याकडे बर्फ नाही. मे महिन्यात ४४-४५ अंशांचे ऊन, मग जूनच्या उत्तरार्धात पाऊस आणि त्यानंतर पुन्हा सात-आठ महिने कोरडे. आपल्या पानझडी जंगलातील झाडांचे बी या चक्राप्रमाणे घडले आहे. पर्वतावरचे बी थंडी मोजते, आपले बी ऊन आणि पाऊस मोजते. पण नियम तोच आहे. बी कशासाठी थांबले आहे ते ओळखा, तेवढे त्याला द्या आणि मग धीर धरा.

थांबणारे बी आणि न थांबणारे बी

रोपवाटिका सुरू करण्यापूर्वी हातातले बी कोणत्या गटातील आहे, हे पाहावे.

*थांबणारे बी :* हे बी वाळवले तरी मरत नाही. कवच टणक असते किंवा आतल्या गर्भाला पक्व व्हायला वेळ लागतो. साग, बहावा, सीताफळ, बेहडा ही या गटातील उदाहरणे. अशा बियांची ताकद किती असते, ते एका प्रयोगातून कळते. अमेरिकेतील मिशिगन येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांतील एक बाटली २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढली, तेव्हाही तिच्यातील काही बिया उगवल्या.

*न थांबणारे बी :* हे बी ओले असतानाच जिवंत राहते. वाळले की मरते, साठवले की मरते. मोह हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. आंबा आणि फणस यांचेही तसेच. निंबोळी आणि चारोळीचे बी मोहाइतके नाजूक नसले तरी लवकर उगवणशक्ती गमावते, म्हणून तेही याच गटाप्रमाणे हाताळावे. बियांचे असे दोन गट इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये मांडले आणि आजही बीजसाठवणुकीचे शास्त्र त्यावर चालते. दुसऱ्या गटातील बी शीतगृहातही टिकत नाही. त्याची साठवण एकच : जमिनीत लावून टाकणे.

थोडक्यात, पहिल्या गटाला घाई नको आणि दुसऱ्या गटाला उशीर नको.

बियाण्याप्रमाणे पद्धत

साग : फळे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत झाडाखाली पडतात. पोत्यात भरून जमिनीवर घोळवावीत, म्हणजे वरचे पातळ फुगीर आवरण निघते. ताज्या फळापेक्षा एक वर्ष जुने फळ जास्त चांगले उगवते, हे लक्षात ठेवावे. लावण्यापूर्वी १० ते १५ दिवस रोज रात्रभर पाण्यात भिजवावे आणि दिवसभर कडक उन्हात पसरावे. या आलटून-पालटून भिजण्या-वाळण्याने जाड कवच सैल होते. मे महिन्यात गादीवाफ्यावर पेरावे. उगवण एकदम होत नाही, पहिला कोंब दहा-बारा दिवसांत तर शेवटचा दोन महिन्यांनी येऊ शकतो. एका फळात एकापेक्षा जास्त बिया असू शकतात, त्यामुळे एकाच ठिकाणी दोन रोपे आली तर नवल नाही.

बहावा : काळ्या लांब शेंगा फोडून चपट्या, चकचकीत बिया काढाव्यात. या बियांत पाणीच शिरत नाही. डोळ्याच्या विरुद्ध बाजूचे कवच पॉलिश पेपरवर किंवा खरबरीत दगडावर पांढुरका भाग दिसेपर्यंत घासावे आणि बी रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी फुगलेले बी लावावे, न फुगलेले पुन्हा घासून भिजवावे. तेजाब घरी वापरू नये, त्याची गरजही नाही.

सीताफळ : पक्व फळातील बी धुऊन सावलीत वाळवले तर चांगले टिकते. लावण्यापूर्वी २४ तास भिजवावे. उगवायला महिना ते दीड महिना लागतो. हे बी घासू किंवा कुटू नये, त्याची पूड डोळ्यांना अपायकारक असते.

मोह : फळे पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात. झाडाखाली पडलेल्या पक्व फळातील टोळ (बी) त्याच दिवशी गर काढून धुवावी. उन्हात ठेवू नये. शक्यतो दोन-तीन दिवसांतच लावावी. तोपर्यंत सावलीत, ओलसर गोणपाटात ठेवावी. सोटमूळ झपाट्याने खोल जाते, म्हणून लहान पिशवी चालत नाही. उगवण साधारण दोन ते चार आठवड्यांत होते.

कडुनिंब : पिवळी, पिकलेली निंबोळी घ्यावी. गर राखेने चोळून धुवावा. सावलीत एक-दोन दिवस सुकवून दोन आठवड्यांच्या आत लावावी.

चार (चारोळी) : पूर्ण काळे झालेले फळच घ्यावे. अर्धकच्च्या फळाचे बी उगवत नाही. गर काढलेली आठोळी पाण्यात टाकून तळाला बसणारी निवडावी. कवचाच्या शिवणीवर हलका ठोका देऊन ते किंचित उलवावे, आतील गराला इजा होऊ देऊ नये. लगेच लावावी.

पळस : नवशिक्यांनी याच झाडापासून सुरुवात करावी. शेंगेच्या टोकाला एकच चपटे बी असते. ताजे बी जूनमध्ये लावले की कोणत्याही प्रक्रियेविना साधारण दोन आठवड्यांत उगवते. मुलांच्या हातून लावून घ्यायला उत्तम.

पिशवी, माती आणि पाणी

- निव्वळ काळी माती भरू नये. ती पाण्याने घट्ट बसते, वाळल्यावर तडकते आणि कोवळे मूळ तुटते. गाळाची किंवा मुरमाड माती २ भाग, वाळू १ भाग आणि चांगले कुजलेले शेणखत १ भाग असे मिश्रण करावे.
- मोह आणि पळस यांसाठी किमान ९ ते १० इंच उंचीची पिशवी वापरावी. तळाशी आणि बाजूला छिद्रे असावीत.
- बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोलीवर लावावे. त्याहून खोल गेलेले बी वर येताना थकते.
- शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळावा. कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडण्याचे प्रमाण त्याने कमी होते.
- पाणी झारीने, सकाळी द्यावे. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.
- मे-जूनमध्ये तुऱ्हाट्यांच्या ताटव्याची विरळ सावली करावी. खार, उंदीर आणि कोंबड्या यांच्यासाठी वरून जाळी टाकावी.

सकाळची पाच मिनिटे : काय पाहावे, त्यातून काय कळते

रोपवाटिकेत मोठे सोहळे नसतात. असतात ते छोटे क्षण, तेही रोज पाहणाऱ्यालाच दिसणारे. त्या प्रत्येकात कामाची माहिती असते.

फुगलेले बी. बहाव्याचे बी घासून रात्री वाटीत भिजवा. सकाळी काही बिया जवळजवळ दुप्पट झालेल्या असतात, काही तशाच टणक. फुगलेल्या बियांत पाणी शिरले, म्हणजे दार उघडले. माती न लागताच हा पहिला आनंद मिळतो आणि आपली प्रक्रिया बरोबर झाली की नाही हेही त्याच वाटीत कळते.

मातीला आलेली भेग. कोंब दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी माती किंचित उचलली जाते, केसाएवढी भेग पडते. हे फक्त रोज बसणाऱ्याला दिसते. त्या दिवशी झारीची धार जोरात सोडू नये आणि उत्सुकतेने माती उकरू नये. उकरून पाहिलेला कोंब बहुधा मोडतो.

वाकलेला कोंब. अनेक रोपे मान खाली घालून, कमानीसारखी वर येतात. ती आजारी नसतात. कोवळा शेंडा मातीत घासू नये म्हणून देठ वाकून पुढे होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान सरळ होते. तेवढे दिवस हात लावू नये.

पहिले खरे पान. सागाची सुरुवातीची दोन बीजपत्रे लहान आणि गुळगुळीत असतात. त्यानंतर येणारी समोरासमोरची खरबरीत पाने ही खरी सागाची. याच टप्प्यावर रोप वाफ्यातून पिशवीत हलवावे. रोप जोमात वाढू लागले की एक कोवळे पान बोटांत चुरडून पाहा, बोटे लाल होतात. सागाची ही खूण एकदा दाखवली की मुले जन्मभर विसरत नाहीत.

तीन पाने. पळसाचे रोप वाढू लागले की त्याची तीन-तीनची पाने ओळखू येतात. पळसाला पाने तीनच, ही म्हण तोंडपाठ असलेल्या किती जणांनी ती पाने स्वतः लावलेल्या रोपावर मोजली आहेत? मोजून पाहा.

तळाच्या छिद्रातून डोकावणारे मूळ. पिशवी उचलली की खाली पांढरे टोक दिसते. रोप खूश आहे, असा याचा अर्थ. त्याचबरोबर पिशव्या दर महिन्याला जागेवरून हलवा, असाही अर्थ. नाहीतर मूळ जमिनीत शिरते आणि लावणीच्या दिवशी तुटते.

उशिरा आलेले रोप. हा सर्वांत मोठा आनंद. सागाची आशा सोडलेली असते, वाफ्याकडे लक्ष नसते आणि श्रावणाच्या झडीत एका सकाळी दोन हिरवे ठिपके दिसतात. हे बी आळशी नव्हते. सगळे बी एकाच पावसात उगवले आणि त्यानंतर मोठा खंड पडला, तर झाडाची वर्षाची सगळी पोरे एकदम गेली असती. काही बी मागे ठेवणे ही झाडाने केलेली तरतूद आहे. दुबार पेरणीचा फटका सोसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

टिपणवही ठेवा

एक साधी वही पुरते. प्रत्येक पिशवीवर किंवा वाफ्यावर क्रमांक घाला आणि एवढेच लिहा :

1. झाडाचे नाव, बी कोणत्या झाडाखालून आणले
2. बी गोळा केल्याची तारीख आणि लावल्याची तारीख
3. काय प्रक्रिया केली
4. पहिला कोंब कधी आला
5. एकूण लावलेले बी किती, उगवले किती
6. शेवटचा कोंब कधी आला

सहावा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, पण खरे ज्ञान त्यातच आहे. तुमच्या मातीत, तुमच्या पाण्यावर सागाचे शेवटचे बी किती दिवसांनी उगवते, हे पुस्तकात मिळणार नाही. दोन वर्षांची वही झाली की ती सहायक कृषी अधिकाऱ्याला आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतील कर्मचाऱ्यांना जरूर दाखवा. विस्तार कार्यकर्त्यांनीही गावातील अशा वह्या एकत्र पाहाव्यात. शेजारच्या दोन गावांतील फरक त्यातून दिसतो.

पिशवी केव्हा रिकामी करावी?

- मोह, कडुनिंब, चार : दोन महिन्यांत कोंब नाही तर एक-दोन पिशव्या उकरून पाहाव्यात. बी मऊ, काळे, वास येणारे असेल तर ते गेले. पुढच्या हंगामात ताजे बी घ्यावे.
- पळस : एक महिना वाट पाहावी.
- सीताफळ : अडीच ते तीन महिने वाट पाहावी.
- बहावा : न उगवलेले बी टणकच असेल तर ते जिवंत असण्याची शक्यता आहे. काढून पुन्हा घासावे.
- साग : वाफा मोडू नये. पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन घालून पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्यावा. राहिलेल्या बियांपैकी काही दुसऱ्या पावसात उगवतात.

बी कुठून आणावे?

स्वतःच्या धुऱ्यावरील, गावातील निरोगी आणि भरपूर फळे धरणाऱ्या झाडांखालचे बी घ्यावे. एकाच झाडाऐवजी चार-पाच झाडांचे थोडे थोडे घ्यावे. टिपेश्वर, पैनगंगा यांसारख्या अभयारण्यांतून बी आणू नये. जंगलातील गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क असेल, तिथे ग्रामसभेला विचारूनच घ्यावे. चारोळीसाठी फांद्या तोडून कच्ची फळे ओरबाडली जातात, त्याने झाडही जाते आणि बीही वाया जाते. पडलेले, पिकलेले फळच वेचावे.

हे सगळे कशासाठी?

आपल्या भागातील मोहाची मोठी झाडे पाहा. बरीचशी आजोबा-पणजोबांच्या काळातील आहेत. त्यांच्या आसपास मोहाचे लहान रोप शोधा, क्वचितच सापडेल. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, त्यात कोवळी रोपे जळतात. फळे आली की टोळ तेलासाठी वेचून नेली जाते. जे उरते ते गुरे खातात. झाड दरवर्षी फुलते, दरवर्षी फळते आणि तरीही त्याच्यामागे कोणी उरत नाही. मोहाला फुलोऱ्यावर यायला साधारण दहा वर्षे लागतात. म्हणजे आज लावलेले रोप तुमच्या मुलाच्या हातात फुले देईल. न लावले तर म्हातारे झाड पडल्यावर धुरा रिकामा राहील.

१ जुलै हा आपला कृषी दिन. ज्यांच्या जयंतीनिमित्त तो साजरा होतो, ते वसंतराव नाईक यांचा जन्म १९१३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गहुली या गावी झाला. त्याच आठवड्यात वनमहोत्सवही असतो. त्या दिवसांत सगळे रोप लावायला खड्डा खणतात. तुम्ही आणखी एक काम करा. धुऱ्यावरच्या मोहाखाली पडलेल्या दहा टोळ्या उचला, धुवा आणि संध्याकाळच्या आत दहा पिशव्यांत लावा. दहापैकी सहा-सात उगवल्या तरी पुढच्या कृषी दिनाला लावायची रोपे तुमच्या स्वतःच्या अंगणातील असतील.

आणि उद्यापासून सकाळी चहाचा कप घेऊन त्या पिशव्यांजवळ बसा. पहिले काही दिवस मातीशिवाय काहीच दिसणार नाही. तरी बसा. ज्या दिवशी केसाएवढी भेग दिसेल, त्या दिवशी घरात सगळ्यांना हाक मारून दाखवा आणि वहीत तारीख टाका.